कोंबडीची दवंडी

आमच्या गेममधली कोंबडी खोटारडी होती आणि ती कोंबडी मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी वगैरे म्हणायला नको.

गेम म्हणाल तर एवढासा. एक अंगण, दोन माणसं, दोन फोन. नवरा-बायको, मैत्रिणी, मायलेकरं, कुणीही दोघांनी मिळून एक अंगण घ्यायचं. एकाने झाड लावलं की दुसऱ्याला ते आपल्या फोनवर दिसतं. एकाने पाणी घातलं की दुसऱ्याचं काम वाचतं. अंगणाच्या दोन टोकांना दोन खोल्या, प्रत्येकाची एक. तुम्ही गेम उघडलात की तुमच्या खोलीत दिवा लागतो, बंद केलात की विझतो. दोरीवर कपडे वाळत घालता येतात, कुंड्या इकडच्या तिकडे हलवता येतात. बस्स. एकमेकांशी बोलायची सोय नाही. ती मीच ठेवू दिली नाही. माझा पार्टनर म्हणाला होता, "यार, एक छोटासा चॅट टाकू ना, लोक मागतायत." मी त्याला झाडलं. "लोकांना दिवसभर बोलायला जागा कमी आहेत का रे? इथे तरी गप्प बसू दे त्यांना." हे वाक्य मला इतकं आवडलं की गेमच्या पानावर सगळ्यात वर तेच लिहिलं. आता ते वाचलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पार्टनर माझा शाळेपासूनचा मित्र. तो चित्रं काढतो, मी कोड आणि शब्द लिहिते. मी भांडुपची, तो मुलुंडचा. त्याच्या मावशीची शिकवणीची खोली रिकामी पडली होती, तेच आमचं ऑफिस. भिंतीवरचा फळा तसाच ठेवला होता. काय बिघडलंय, काय दुरुस्त करायचंय, त्याची यादी आम्ही त्यावर खडूने लिहायचो आणि काम झालं की पुसायचो. पुसण्यापेक्षा लिहिणंच जास्त व्हायचं.

गेममध्ये काहीही बदललं की खेळणाऱ्यांना सांगावं लागतं. हे नवीन आलं, हे दुरुस्त झालं, हे काढून टाकलं. मोठ्या कंपन्यांत त्या कामाला वेगळी माणसं असतात, आमच्याकडे मी. सुरुवातीला मी अगदी शहाण्यासारखं लिहायचे, मुद्देसूद, सरकारी पत्रकासारखं. एक माणूस वाचेल तर शपथ. 'सुधारणा' म्हणून लिहिलेलं न वाचता लोक आम्हालाच विचारायचे, "अहो, ते झाड कुठे गेलं?" एकदा डोकं फिरलं आणि सगळं अंगणातल्या कोंबडीच्या तोंडी घातलं. "ऐका हो ऐका! काल रात्री विहीर चोरीला गेली होती. मी पाठलाग करून परत आणली. आता पाणी नीट येईल. माझे पाय दुखतायत." म्हणजे एवढंच, की पाण्याचा एक बिघाड दुरुस्त केला होता. लोक खूश! त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अपडेटला 'कोंबडीची दवंडी' हे नाव पडलं. लोक झाडांपेक्षा दवंडीची वाट बघायला लागले. मलाही चढली. कोंबडी दर वेळी जास्त फेकायला लागली. एकदा तिने विचारलं, "अंगणात सोनं पुरलंय, खणू का?" आणि खाली 'हो' असं बटण दिलं. ज्यांनी ज्यांनी 'हो' दाबलं त्यांचं अंगण दिवसभर अंड्यांनी भरून गेलं. पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि सगळे पोट धरधरून हसले.

आमच्या खेळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात बोरिवलीच्या एक काकू होत्या. त्यांना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे बोलून पाठवायच्या. मूळ मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो वारला. काकू स्वतः शिवणकाम करायच्या. मागून मशीनचा आवाज आणि पुढे काकू: "गो बाय, तुझ्या कोंबडीक एक दिवस मी मसाल्यात घालतंय बघ!" मला त्या जाम आवडायच्या. एकदा मी त्यांच्याकडे गेलेही होते, तेव्हा त्यांनी सोलकढी पाजली आणि मोठ्या कौतुकाने आपलं अंगण दाखवलं. मधोमध रातांब्याचं झाड, कुंड्या भिंतीला लावून एका ओळीत, दोरीवर एक साडी आणि एक निळा शर्ट.

"दुसरी खोली कुणाची काकू?"

"मुलाची," त्या म्हणाल्या आणि ग्लास विसळायला आत गेल्या. मी पुढे विचारलं नाही.

मग तो मेल आला. दोन फोनवर एकच अंगण दिसायचं तर ते मध्ये कुठेतरी एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवावं लागतं. आम्ही ते एका परदेशी कंपनीकडे ठेवलं होतं. कंपनीने कळवलं, ही सेवा आम्ही बंद करतोय, महिनाभरात तुमचं सामान हलवा. दुसरी जागा आम्हाला मिळाली, त्यात अडचण नव्हती. अडचण माझ्या अकलेची होती. दोघांपैकी एकाने परस्पर अंगण पळवू नये म्हणून मी प्रत्येक अंगणाला जणू दोन किल्ल्या केल्या होत्या, एक या फोनात, एक त्या फोनात. आमच्याकडे तिसरी किल्ली नाही. ती नाही याचाही मला अभिमान होता. म्हणजे अंगण हलवायचं तर दोघांनीही आपापल्या फोनवर 'हो' म्हणायला हवं. एकानेच म्हटलं तर ते अंगण गेलंच.

पार्टनर म्हणाला, "या वेळी कोंबडी नको. सरळ लिही."

"सरळ लिहिलेलं कोण वाचतं? कोंबडी दिसली की तरी थांबतात."

"अगं, त्यांना मस्करी वाटेल."

"खाली 'खरंच' असं लिहिते ना!"

आणि मी लिहिलं. "ऐका हो ऐका! या महिन्याच्या शेवटी मी सगळी अंगणं खाऊन टाकणार आहे. वाचवायचं असेल तर दोघांनीही 'हो' दाबा. खरंच." अपडेट गेला. ग्रुपवर हास्याचा धबधबा. "आम्ही नाही फसणार!" "परत अंडी का गं?" काकूंचा आवाज: "खरंच म्हणते आणि! लबाड!" मी हसले नाही. फळ्याजवळ जाऊन पार्टनरने 'दवंडी' असा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्याच दिवशी मी सरळ भाषेत नवी सूचना लिहिली, कोंबडी वगळून. पण सूचनेचा मजकूर मी गेमच्या पोटातच ठेवला होता, नेट नसलं तरी दिसावा म्हणून. तो बदलायचा तर लोकांना पुन्हा अपडेट घ्यावा लागणार. बऱ्याच जणांनी घेतला. ग्रुपवर मी हात जोडले, खुलासे दिले, एकेकाला फोन केले. हळूहळू बहुतेकांनी 'हो' दाबलं. काकूंनीही दाबलं. पण जे ग्रुपवर नव्हते आणि ज्यांनी दुसरा अपडेट घेतलाच नाही, त्यांच्या फोनवर रोज कोंबडीच येत राहिली.

महिना संपायला आठ दिवस असताना काकूंचा फोन आला. बोलून पाठवलेला मेसेज नव्हे, फोन. मशीन बंद होतं.

"गो, माझ्या मुलाने दाबला काय?"

मी तपासलं. आम्हाला माणूस दिसत नाही. दिसतो एक लांबलचक आकडा आणि त्याच्यापुढे त्या फोनवर काय झालं ते. त्यांच्या अंगणाच्या दुसऱ्या फोनपुढे रोज दुपारी चारला त्याच ओळी होत्या. गेम उघडला. सूचना दाखवली. सूचना बंद केली. झाडाला पाणी. शर्ट वाळत घातला. गेम बंद. रोज.

"नाही दाबलं काकू. तो कोंबडीलाच बघतोय. तुम्ही त्याला सांगा ना."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्याने स्वतःच्या मनाने लग्न केलं, काकूंना ते पटलं नाही, आणि भांडणात काकू म्हणाल्या, "ह्या घरात परत पाय ठेवू नको." त्याने ठेवला नाही. दोघांत एक शब्द नाही. नातेवाइकांनी समेट करायचा प्रयत्न केला, तर काकूंनी त्यांचीच तोंडं बंद केली. गेम त्यानेच त्या आधी दोघांच्या फोनवर घालून दिला होता. घर सुटलं, पण अंगण राहिलं. जुहूला कुठल्याशा हॉटेलात तो स्वयंपाकघरात कामाला आहे, एवढं काकूंना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. दुपारचं काम संपलं की चारला त्याला थोडी उसंत मिळायची. काकूही चारला मशीन थांबवून बसायच्या. त्याच्या खोलीत दिवा लागायचा, त्यांच्या खोलीत लागायचा. तो पाणी घालायचा, त्या पानं झाडायच्या. दहा मिनिटं. मग दिवा विझायचा.

"तेवढाच माका कळता, जिवंत आसा," काकू म्हणाल्या. "त्याच्या शर्टाचो रंग बदललो की वाटता, आज बरो आसतलो."

मी म्हटलं, फोन करा काकू, आत्ताच्या आत्ता करा. त्या म्हणाल्या, "मी कशाक करू? तो करूचा नाय?" मला इतका संताप आला! त्यांचा, त्या मुलाचा, आणि माझा तर विचारू नका. हॉटेल कुठलं ते विचारलं, तर माहीत नाही. जुहूला हॉटेलं काय थोडी आहेत? तरी मी आणि पार्टनर एका दुपारी गेलो. मागच्या दारांनी विचारत फिरलो, मुलाचं नाव सांगत. एका वॉचमनने विचारलं, "आपण कोण त्याचे?" मी म्हणाले, "आम्ही त्याच्या गेमवाले." त्याने आम्हाला वेड्यात काढलं आणि गेट लावून घेतलं. पार्टनर म्हणाला, "चल, वाट लागली आपली." आम्ही चौपाटीवर भेळ घेतली आणि तीही धड खाल्ली नाही.

कंपनीला मेल केले. एक अंगण फक्त, थोडे दिवस द्या. उत्तर यायचं, 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' लगेच यायचं, एका सेकंदात. म्हणजे कुणी वाचत नव्हतं. ते वाचून मी चिडले. पण माझ्या सूचनेचं तरी वेगळं काय झालं होतं?

शेवटच्या दिवशी मी दुपारीच बोरिवलीला काकूंकडे जाऊन बसले. साडेपाचला सेवा बंद होणार होती. काकूंनी साडी बदलली होती, केस नीट विंचरले होते. मला रडूच यायला लागलं. मी म्हटलं, "काकू, आज तो आला की काहीतरी खूण करू या." ही अक्कल शेवटच्या दिवशी सुचली. "कुंड्यांनी अक्षरं मांडू. अंगणाच्या मधोमध. 'खरं आहे' असं." मांडायला बसलो. कुंड्या अकरा. पहिलंच अक्षर पुरं होता होता संपल्या. नीट बघितलं तर अक्षर नव्हेच, कुणीतरी कुंड्यांना लाथ मारल्यासारखं दिसत होतं.

चारला त्याच्या खोलीत दिवा लागला.

काकूंनी माझं मनगट धरलं. त्या एकदम पुटपुटायला लागल्या, "दाब रे बाबा, दाब." त्यांनी गेम बंद केला, उघडला, बंद केला, उघडला. त्यांचा दिवा लागत होता, विझत होता. तिकडेही दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला. त्याला वाटलं, आई खेळतेय. तोही खेळायला लागला. मी माझ्या लॅपटॉपवर बघत होते. सूचना दाखवली. सूचना बंद केली. सूचना दाखवली. सूचना बंद केली. त्याच्यासमोर आत्ता, या मिनिटाला, माझी कोंबडी उभी होती, आणि तिचं ऐकण्याइतका तो मूर्ख नव्हता.

मग कुंड्या हलायला लागल्या. एक, मग दुसरी. "बघतोय! काकू, त्याने बघितलं!" मी ओरडले. तो एकेक कुंडी उचलून भिंतीपाशी नेत होता. सगळ्या, अकराच्या अकरा, त्याने भिंतीला लावून एका ओळीत ठेवल्या. काकूंना आवडतात तशा. शेवटची जरा तिरकी होती, तीही सरळ केली.

"माझा गुणाचा..." एवढंच काकू म्हणाल्या. आणि त्यांनी गेम सोडून नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. कुठे शोधला नाही, पाठ होता. मी देवाचं नाव घेतलं, मी, जी कधी घेत नाही. फोनमधली बाई म्हणाली, आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही. काकूंनी पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मीच फोन त्यांच्या हातातून घेतला. स्क्रीनवर अंगण आलं. त्याचा दिवा विझला होता. रातांब्याला पाणी घातलेलं होतं आणि दोरीवर शर्ट होता, या वेळी पिवळा.

साडेपाचपर्यंत आम्ही तसंच बघत राहिलो. मग अंगण गेलं. आवाज नाही, काही नाही. नवीन गेमने काकूंना एक कोरं अंगण दिलं आणि विचारलं, तुमच्यासोबत कोण आहे?

ग्रुपवर मी माफी मागितली. लोकांनी समजून घेतलं, त्यांचं काय बिघडलं होतं? त्यांची अंगणं शाबूत होती. कोंबडी मी काढून टाकली. पार्टनर नको म्हणाला, तिचं चित्र त्याने फार मनापासून काढलं होतं. पण माझ्याने तिच्या तोंडून एक शब्द लिहवेना.

नंतरच्या आठवड्यात, जिथून लोक गेम डाउनलोड करतात त्या पानावर, एक नवा अभिप्राय आला. पाचपैकी एक तारा. नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. लिहिलं होतं, "मस्करी करता करता खरंच अंगण घालवलंत. रातांबा होता त्यात. माझी आई रोज चारला दिवा लावायची. आता मी कुठे बघू?"

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. आम्हाला अभिप्रायाखाली उत्तर लिहिता येतं, तेही चार-पाच ओळी, जगाला दिसेल असं. त्याचा नंबर मिळत नाही, पत्ता मिळत नाही. त्याने ते उत्तर वाचलं की नाही हेही दिसत नाही. काकूंना फोन करून विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिव. पाय ठेव म्हणून लिव."

मी लिहिलं. एवढं साधं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. "चूक माझी आहे. अंगण परत आणता येत नाही. तुमच्या आईने शेवटच्या दिवशी तुम्हाला फोन लावला होता, तुमचा जुना नंबर बंद आहे. त्यांचा नंबर तोच आहे. त्या म्हणतात, घरी पाय ठेव. चारला त्या घरीच असतात." पार्टनरने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "खाली 'खरंच' लिहू नकोस." मी नाही लिहिलं.

त्याला आता महिना होत आला. गेल्या सोमवारी मी ते पान उघडलं, तर तो अभिप्राय नव्हता. वर-खाली केलं, पार्टनरच्या फोनवर बघितलं. नाही. आम्हाला अभिप्राय काढता येत नाही, म्हणजे ज्याने लिहिला त्यानेच तो काढून टाकला होता. तो गेला तसं माझं उत्तरही गेलं.

म्हणजे त्याने वाचलं. न वाचता कुणी येऊन एक तारा काढून घेत नाही.

शनिवारी मी बोरिवलीला गेले. काकूंचा फोन मशीनशेजारी, आवाज मोठा करून ठेवलेला. दाराची वरची कडी काढलेली, नुसतं लोटलेलं. मला वाटेत वाटत होतं, बहुधा आलाच असेल, निदान फोन तरी केला असेल. काकूंच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, काही नाही.

"गो," त्या म्हणाल्या, "त्याने वाचला काय ता?"

सोमवारपासून पाच दिवस झाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग दाराकडे.

"कळत नाही काकू," मी म्हटलं. "आम्हाला ते दिसत नाही."

"बरा," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चारला पाच मिनिटं होती. आधण त्यांनी तीन कपांचं ठेवलं.